वृंदाच्या चौकशीचा अहवाल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आयर्लंडमधल्या आपल्या डंडॉक मराठी मंडळाचे संस्थापक आदरणीय डॉ. गुरुनाथ सबनीस, कॉर्कहून खास आलेले आणि लवकरच आपले जावई होणारे श्री. निमिष, सत्कारमूर्ती वृंदा टिपणीस, आणि मास्क हनुवटीवर ओढून बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मंडळाचा कार्यवाह म्हणून वृंदा यांना निरोप द्यायचं काम माझ्याकडे आलं. उद्या त्या कॉर्कला चालल्या आहेत, डिसेंबरात नाशिकला लग्न. लॉकडाऊनमध्ये एकट्या पडलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी किती डबे पोचवले, हे तुम्हाला ठाऊक आहे. दर शनिवारचा आपला झूमवरचा सिनेमा क्लबही त्यांचाच. टाळ्या वाजवा, तोवर मी पाणी पितो.

तर, सिनेमा. जानेवारीत त्यांनी एक जुना हॉलिवूडचा कृष्णधवल सिनेमा दाखवला होता, आठवतोय? एका गुप्तहेराला एका बाईवर नजर ठेवायला पाठवतात, तो तिच्याच प्रेमात पडतो, आणि तरी इमानेइतबारे तिची फाइल साहेबांकडे देतो. शेवटी ती बोटीत बसते आणि हा धक्क्यावर हॅट धरून उभा. सबनीस सर तेव्हा घोरत होते, म्यूट करायला विसरले होते. माफ करा सर. सिनेमा संपल्यावर वृंदा चिडून म्हणाल्या होत्या, "युअर मॅन, तो हेर, एवढा हुशार, मग तोंडानं बोलत का नाही?" सगळे हसले. मी कॅमेरा बंद केला.

का बंद केला? सांगतो. हे हातातल्या कागदावर नाहीये.

त्याच्या तीन महिने आधी पुण्याहून माझ्या चित्राआत्याचा फोन आला होता. "अरे चंद्रहास, माझ्या मैत्रिणीच्या मुलासाठी तुमच्या गावातलं एक स्थळ आलंय. मुलगा कॉर्कला. जरा चौकशी कर ना. तिला कळू मात्र देऊ नकोस हं!" आता आपल्याकडे स्थळाची चौकशी कशी होते, हे मी तुम्हाला सांगायला हवं का? शेजाऱ्यांना विचारतात, वाण्याला विचारतात. इथे कुठला वाणी? मुलगी डंडॉकची, मुलगा कॉर्कचा, आणि मध्ये घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायचं नाही हा सरकारचा नियम. त्या पाच किलोमीटरच्या आत राहणारा, आत्याच्या ओळखीचा मी एकटाच.

मग मी मंडळाच्या नावाखाली दर शनिवारी वृंदा यांच्या दाराशी कोथिंबीर घेऊन जायला लागलो. मग कोथिंबिरीसोबत फिरायला. दोन मीटर अंतर ठेवून, अर्थात. घरी येऊन आत्याला लिहायचो. मुलगी मांसाहार करत नाही. मुलगी रागावली की प्रेस, म्हणजे स्वयंपाकघरातलं कपाट, उघडून सगळ्या बरण्या पुसते. मुलगी हसायच्या आधी डोळे मिटते. आत्या म्हणाली, "डोळे मिटते हे कशाला लिहिलंस रे?" मला तेव्हा दुसरं काही सुचतच नव्हतं.

निमिष, तुम्ही उठू नका. प्लीज. तुमच्याबद्दल मला एक शब्द वाईट बोलायचा नाही. तुम्हाला जो अहवाल मिळाला, तो वाचून कोणीही हो म्हटलं असतं. मी इतकं चांगलं मराठी आयुष्यात दुसऱ्यांदा लिहिलेलं नाही.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, "दोन मिनिटं." बरं सर.

वृंदा, आता 'तुम्ही' म्हणणं जमत नाही. हो, तुझी चौकशी मी केली. चार महिने तू माझ्याशी मनमोकळं बोललीस आणि मी ते पुण्याला कळवत होतो. तुझ्या बाबांचं आजारपण सोडून. ते मी लिहिलं नाही, शप्पथ. मला लाज वाटते. शेवटी आत्यानं विचारलं, "मुलीचं दुसरीकडे कुठे काही नाही ना?" मी "नाही" असं लिहून पाठवलं. तुला न विचारता! मला वाटलं, माझ्यासारख्याबद्दल तुला काय वाटणार? मार्चमध्ये तू दारात उभी राहून मला विचारलंस, "निमिषला हो म्हणू का रे?" किती वेळ माझ्याकडे बघत होतीस. आणि मी गाढव, म्हणालो, "ग्रँड आहे मुलगा." तू दार लावून घेतलंस. आत बरण्यांचा आवाज येत होता. मी तो फुटपाथवर उभं राहून ऐकला आणि घरी गेलो.

ऑगस्टात तुमच्या झूमवरच्या साखरपुड्याचं निवेदनही मीच केलं. तुम्हीच म्हणालात, चंद्रहासचा आवाज छान आहे. त्या दिवसापासून मला धड झोप नाही, जेवण नाही. इतक्या लोकांसमोर हे बोलायची हौस नाही हो मला! पण एकटी भेटलीस की माझी वाचाच बसते, आणि उद्या तू जातेस. माझा अहवाल चुकीचा होता, वृंदा. तुझ्या बाजूचं तू जाण. माझ्या बाजूनं होतं. आहे.

असो. सभागृह दिल्याबद्दल पॅरिश चर्चच्या मंडळींचे आभार, अध्यक्षांचे आभार, आणि निमिष, एवढं ऐकून घेतलंत म्हणून तुमचे सगळ्यात जास्त. निरोपाच्या भाषणात जे बोलू नये ते बोललो. मोठ्या मनानं पोटात घाला.

एक सूचना राहिली. मंडळात व्हॅन चालवता येणारा मी एकटाच असल्यामुळे वृंदाचं सामान उद्या कॉर्कला मीच पोचवणार, असं कमिटीनं ठरवलंय. सकाळी आठला मी तिच्या दाराशी असेन. वृंदा, खोकी बाहेर दिसली तर मी मुकाट्यानं उचलीन आणि कॉर्कपर्यंत नेईन. नाही दिसली, तर बेल वाजवीन.