एफ शार्प, तिरकी रेघ, खाली डी

समारंभाच्या अध्यक्षा दर्शनाताई, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना आपण निरोप देतोय ते आमचे गिटारचे सुजय सर, क्लासची मुलं, पालक आणि दाराशी उभे असलेले माझे मांडववाले दोस्त, भिकाजीचा सर्वांना नमस्कार.

मी साउंडवाला. हातखंब्याला एका भोंग्यावर धंदा सुरू केला, आज तीन गाड्या आहेत. कमावलं ते कानावर. असा माणूस छप्पन्नाव्या वर्षी गिटार शिकायला का बसतो?

गेल्या वर्षी क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात सर वाजवत होते, मिक्सरवर मी. मध्येच खालून एक परका सूर आला. वाटलं, गिटार घुमतेय. मदत म्हणून मी बेसचं, म्हणजे खालच्या सुरांचं, बटण पार खाली ओढलं. तर वाजणं सुधारायचं सोडून लंगडंच झालं! चूक काढली, मग बिघडलं कसं? डोकं चालेना. शेवटी क्लास लावला.

चार महिन्यांपूर्वी सरांनी वहीत एक कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांचा जुडगा, लिहून दिली : एफ शार्प हाफ डिमिनिश्ड, तिरकी रेघ, डी.

"सर, ही कॉर्ड की पत्ता?"

"वरचे चार सूर एका कॉर्डचे, भिकूशेठ. खाली मात्र डी. कुणी हिलाच डी नाइन म्हणेल."

"मग खरं नाव कुठलं?"

"दोन्ही."

आता बोला! घरी बायको म्हणाली, "नावाचं मागाहून बघा हो, आधी बोटं पोचू देत."

पोचली एकदाची. वाजवलं, आणि तोच परका सूर! "काढून बघा," सर म्हणाले. काढला, तर वरचे चारही सूर अधांतरी. सर हळूच म्हणाले, "गेल्या वर्षीच्या कार्यक्रमात हेच झालं. माझं खालचं बोट बसलं नाही. म्हणून तर स्टेजवर वाजवणं सोडलं."

मंडळी, मी तिथे गप्प बसलो. चार महिने गप्प आहे. उद्या सर गोव्याला निघाले, तोच समज मनात घेऊन. ती कॉर्ड मला अजून कळलेली नाही. कधी एफ शार्प वाटते, कधी डी. पण एवढं नक्की कळलंय. सर, तुमचं बोट बसलं होतं. कान माझा चुकला.

बोलायची संधी दिलीत, आभारी आहे. भाषणातलं उणंदुणं सभागृहाने पोटात घालावं. त्या संध्याकाळचं मात्र सरांनी घालायचं की नाही, ते त्यांनीच ठरवावं.