वळताना येणारा आवाज

स्कूटर दुरुस्त होईपर्यंत नर्सबाई गॅरेजच्या बाकावर बसून होत्या. समोर एक म्हातारे गृहस्थ मिस्त्रीला आपल्या जुन्या गाडीचं गाऱ्हाणं सांगत होते.

"पुढच्या चाकापाशी टकटक आवाज येतो."

"खड्ड्यात, की वळताना?"

"आधी नुसता खड्ड्यात यायचा. आता वळतानाही येतो."

"स्टिअरिंग एका बाजूला ओढतं का?"

"डावीकडे. या आठवड्यापासून."

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला.

"काका, चाक धरून ठेवणारा खालचा सांधा झिजलाय बहुतेक. तो निसटला तर चाक आडवं पडतं. गाडी कुठाय?"

"लेक घेऊन गेलीय. एव्हाना घाट उतरत असेल."

"फोन लावा तिला. आत्ताच्या आत्ता."

"उचलत नाहीये. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, असं मीच बजावलंय."

"पुन्हा लावा."

नर्सबाई कधी उठून उभ्या राहिल्या, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. तिसऱ्यांदा लावला तेव्हा फोन उचलला गेला.

"कुठे आहेस? थांबलीयेस? मिस्त्री, ती थांबलीय! आवाज वाढला म्हणून घाबरली."

"गाडी जागची हलवू नको म्हणावं. उतरून डोंगराच्या कडेला उभी राहू दे. नवा सांधा घेऊन मी निघालोच."

"ऐकलंस ना? नाही गं, रागावलो नाही. महिनाभर तू सांगत होतीस, मीच मनावर घेतलं नाही. फोन ठेवू नकोस. काहीही बोल, पण बोलत राहा."