साडी परत आली, बाई राहिली

जबाब
दि. १८/११/१९९६, सोमवार, दुपारी ३ वाजून १० मिनिटे

मी सारजाबाई भ्र. कडूबा औताडे, वय ५८ वर्षे, धंदा घरकाम व दोन म्हशी, रा. पडेगाव, ता. जि. औरंगाबाद. समक्ष ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

मी वरील ठिकाणी मुलगा आप्पासाहेब, सून मीनाक्षी व दोन नातवंडांसह राहते. माझे मालक चार वर्षांखाली वारले. मुलगा वाळूजला कंपनीत आहे. काल त्याने या ठाण्यात अर्ज दिला की, आई सहलीहून परत आली नाही, तिला विसरायची सवय आहे, डोकं ठिकाणावर राहत नाही, आणि सहल काढणाऱ्या बाईंनी हलगर्जी केली, सबब त्यांच्यावर कारवाई व्हावी. आज तो अर्ज मला वाचून दाखवला. त्यातलं "परत आली नाही" एवढंच खरं आहे.

हवालदार साहेब म्हणाले, मावशी, थोडक्यात सांगा. थोडक्यात सांगितलं की लोक म्हणतात, हिला आठवत नाही. म्हणून मी वेळेसकट सांगणार आहे. वेळ माझ्या मनगटावर आहे, मालकाचं घड्याळ आहे, रोज सकाळी चावी देते. मुलानं सकाळीच सांगून टाकलंय की, आता एकटीनं फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाय, सहल-बिहल बंद. तेव्हा माझं पुढचं सगळं हिंडणं या कागदावर आहे, हे साहेबांनी ध्यानात घ्यावं.

सहल काढणाऱ्या बाई म्हणजे शैलाताई सेलूकर. राहणार छावणी, शाळेत चित्रकला शिकवतात. दोन-तीन महिन्यांतून एकदा त्या करारावर एसटीची लाल गाडी घेतात आणि आम्हा बायकांना डोंगरावरल्या एखाद्या गावाला नेतात, जिथं माणसं हातानं काहीतरी करतात. एका गावात मडकी बघितली, एका गावात लाकडाचे बैल. सकाळी जायचं, दिवेलागणीला घरी. कालची धरून तीन सहली झाल्या, मी तिन्हीला गेले. लग्न झाल्यापासून मी डोंगर लांबूनच बघितला होता. वर चढून खाली बघायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

कालची सहल पांढरमाळची. फुलंब्रीच्या पुढं उजवीकडं वळून घाट चढला की माळावर साठ-सत्तर घरांचं गाव आहे. गाडी नंबर एमएच-२०, डी-१७६४. पडेगाव फाट्याहून सुटली ७ वाजून २० मिनिटांनी. बायका एकेचाळीस, शैलाताई धरून बेचाळीस. दिवाळीला आमच्या बायकांच्या मंडळानं गुलमंडीवरून एका गठ्ठ्यातल्या साड्या घेतल्या होत्या, मोरपंखी, पिवळ्या काठाच्या. सगळ्यांनी त्याच नेसायच्या असं ठरलं होतं. शैलाताई म्हणाल्या होत्या, "म्हणजे कुणी हरवणार नाही." हे त्यांचं वाक्य आहे, मी काही वाढवून सांगत नाही.

गाडीत काय केलं असं विचारल्यावरून सांगते की, गाणी म्हटली. चौकाघाटाच्या वळणावर गाडी कलली तर सगळ्या बायका एकमेकींच्या अंगावर, आणि हसून हसून पुरेवाट. डायवरनं गाडी थांबवून विचारलं, "काय झालं वो?" तर कुणालाच सांगता येईना. वर पोचलो ९ वाजून ५० मिनिटांनी. उतरल्या उतरल्या माळावर मी फुगडी घातली. अठ्ठावन्न वर्षांची बाई फुगडी घालते म्हणून डोकं फिरलंय असं मुलाचं म्हणणं असेल तर, माझ्यासंगं सहा जणी होत्या, त्यांचेही जबाब घ्यावेत. वारा असा होता की पदर डोक्यावर राहीना. मग आम्ही घेतलाच नाय.

त्या गावात प्रत्येक घराच्या बाहेरल्या भिंतीवर चित्रं आहेत. गेरू आणि पांढऱ्या मातीची. मोर, बैलगाड्या, विहिरी, लग्नाची वरात. पण एकबी चित्र पुरं नाय. मोराला पिसारा अर्धाच, गाडीला एक चाक. आमच्यातली एक म्हणाली, रंग संपला असंल. तेव्हा साळूबाई सांडू वाघ, राहणार पांढरमाळ, वय अंदाजे साठ, या बाई तिथं उभ्या होत्या, त्या हसल्या. त्यांनी सांगितलं की, त्यांच्या गावात लेक लग्न होऊन जाताना घराच्या भिंतीवर चित्र काढायला घेते आणि मुद्दाम अर्धं सोडते. दिवाळीला माहेरी आली की थोडं पुढं काढते, पुन्हा सोडून जाते. चित्र पुरं झालं तर लेक यायची कशाला? घरचे लोक ती भिंत सारवत नाहीत, पावसाळ्यात तट्ट्या लावून झाकतात.

सगळ्या घरांवर चित्रं होती, साळूबाईच्या घराची भिंत तेवढी कोरी. मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मला लेक नाय. दोन ल्योक हायत, त्येंनी कशाला काढायचं?" मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुमचं माहेर कुठलं?"

मी सांगितलं, नाय. जायकवाडीच्या पाण्यात गेलं. धरण भरलं तेव्हा आम्हाला दोन पोरं होती, मालकांनी शेवटचं एकदा गाव बघायला मला पडेगावातून न्यायचं कबूल केलं होतं, पण पाणी आधी आलं. भाऊ परभणीकडं गेला, तिकडंच वारला. म्हणजे वीस वर्षं झाली, दिवाळीला मी कुठंच जात नाही. नुकतीच भाऊबीज झाली. मीनाक्षीला माहेरी घालवून आले, फराळाचे डबे मीच भरून दिले.

साळूबाई म्हणाल्या, "मग काढा की इथं." आणि गेरूची वाटी पुढं केली.

मी वेळ बघितली. ११ वाजून ५ मिनिटं. बाकीच्या बायका गाव बघत हिंडल्या, जेवल्या, गुऱ्हाळावर गेल्या. मी जागची हलले नाय. मला चित्र येत नाय, साहेब. पण आमच्या दारातला चौथरा किती हात होता, गोठा कुठल्या अंगाला, नदीकडं उतरणाऱ्या पायऱ्या किती, हे हाताला ठाऊक होतं. पायऱ्या एकोणतीस. ज्या बाईचं डोकं ठिकाणावर नाय तिला एकोणतीस पायऱ्या आठवत नाहीत. गावातल्या बायका जमल्या, म्हणाल्या, "आता थांबवा बाई, पुरं करू नका." मी पंधरा पायऱ्यांवर थांबले.

मग साळूबाईंनी माझी ओटी भरली. मी हात मागं घेतला, म्हणाले, "अवो, मी विधवा हाय." त्या म्हणाल्या, "आम्ही लेकीची भरतो, सवाष्णीची नाय." मी रडले. हे लिहायचं का असं साहेबांनी विचारलं. लिहा.

आता साडीचं. माझ्या मोरपंखी साडीला गुडघ्यापर्यंत गेरू लागला होता. साळूबाईंनी मला त्यांचं लुगडं नेसायला दिलं, माझी साडी हापशावर धुतली, खडकावर घातली. माळावरच्या वाऱ्यात अर्ध्या तासात वाळली. साळूबाई जन्मभर नऊवारीवाल्या. म्हणाल्या, "ही पाचवारी अंगाला कशी बसती बघू तरी." मी त्यांना नेसवली. निऱ्या घालताना त्यांना गुदगुल्या व्हायल्या, त्या हसायल्या, मी हसायले, पिन एकदा माझ्याच बोटाला टोचली. ४ वाजून २० मिनिटांनी गाडीचा हॉर्न झाला.

आमच्या मंडळातल्या दोघी धावत आल्या. साळूबाई पाठमोऱ्या, डोक्यावर पदर. त्या दोघींनी त्यांना दंडाला धरलं, "चला वो, तुमच्यापायी सगळ्या खोळंबल्यात," माझी पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली आणि ओढतच नेलं. शैलाताई गाडीच्या दारात उभ्या राहून मोजत होत्या. संध्याकाळच्या उन्हात मोरपंखी मोरपंखीच दिसणार. एकेचाळीस भरल्या. गाडी सुटली. शैलाताईंनी बरोबर मोजलं. बायका एकेचाळीसच होत्या.

पुढचं मला साळूबाईंनी आज सांगितलं. त्या आत्ता बाहेर बाकड्यावर बसून शिपायाला त्यांच्या गावची गाणी म्हणून दाखवायल्यात, त्यांनाही विचारावं. त्या सांगतात, गादीच्या शिटावर बसल्या, तोंडावर पदर ओढला की झोपच लागली, त्यांनी आयुष्यात एवढी मऊ गाडी बघितली नव्हती. कुणी त्यांना हलवलं नाय. पडेगाव फाट्यावर दिवेलागणीला उतरल्या. माझा मुलगा न्यायला आला होता. त्यानं मागून पिशवी घेतली आणि म्हणाला, "आई, दमलीस का?" त्या वळून म्हणाल्या, "दमले, पर मी तुझी आई नव्हं रं बाबा." मुलगा खाली बसला. मग घरी नेऊन त्यांना पिठलं-भाकरी दिली, हे मात्र आप्पानं चांगलं केलं. आणि तसाच इकडं अर्ज द्यायला आला.

आज सकाळी ९ वाजता साळूबाईंचा मोठा मुलगा बद्रीनाथ यानं मला दुधाच्या जीपनं फुलंब्रीला सोडलं, तिथून मी बसनं आले, आणि घरी न जाता, फाट्यावर उभ्या असलेल्या मुलासंगं थेट ठाण्यात आले. पांढरमाळला मला बाजरीची भाकरी, ठेचा, दूध मिळालं. कुणी पळवलं नाही, कोंडलं नाही. अंगावरले दागिने जागच्या जागी आहेत.

शैलाताई सकाळपासून इथं आहेत. त्यांचे डोळे सुजलेत. त्या म्हणतात, कारवाई होवो न होवो, मी आता सहल काढणार नाही, एवढी माणसं सांभाळणं माझ्याच्यानं होत नाही. त्यांनी मला हाताला धरून डोंगर दाखवला, आणि माझ्यामुळं त्यांना ठाण्यात बसावं लागतंय. म्हणून पुढचं सांगणं भाग आहे.

हवालदार साहेबांनी विचारलं, मावशी, हॉर्न ऐकला होता का? ऐकला. तीनदा झाला. कुठं होतात? भिंतीच्या कोपऱ्याला, गाडीपासून वीस पावलांवर. ओरडला का नाहीत?

तेव्हा साहेबांनीच समजुतीनं सांगितलं की, नजरचुकीनं मागं राहिले असं लिहू, अर्ज निकाली निघतो, तुम्ही घरी जा. माझा मुलगा आत येऊन म्हणाला, "आई, तेवढं म्हण. लोक म्हणतील, मुलगा सांभाळीना म्हणून म्हातारी डोंगरावर जाऊन राहिली."

मी मुलाला म्हणाले, "आप्पा, तुझ्या घरात मला काही कमी नाय. पर चुकून राहिले म्हणलं तर मी विसरभोळी ठरते, शैलाताई हलगर्जी ठरतात, आणि मला फाटकात बसवायला तुला कागद मिळतो."

म्हणून खरं ते सांगते. साळूबाईंना ओढून नेत होत्या तेव्हा त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. बोलल्या असत्या तर गाडी थांबली असती. मी तोंडावर बोट ठेवलं आणि हातानं खूण केली, जा. त्यांचे डोळे एवढे मोठे झाले आणि मग त्याही हसल्या आणि गेल्या. मी गाडी घाटाच्या वळणाआड जाईपर्यंत बघत उभी होते. मग एकटीच लई हसले. लग्नापासून मी कुणाला न विचारता एकही रात्र कुठं राहिले नव्हते. त्या गावानं मला राहा म्हटलं होतं, साहेब. वीस वर्षांत मला कुणी राहा म्हणालं नव्हतं.

मुलाला घोर लागला, त्यानं फाट्यावर माझी वाट बघितली, याचं मला वाईट वाटतं. त्याबद्दल मी त्याची माफी मागते. राहिल्याची मागत नाही. पुढच्या दिवाळीला मी पांढरमाळला जाणार आहे, सांगून जाईन, आणि दोन रात्री राहीन. शैलाताईंविरुद्ध माझी काही तक्रार नाही, साळूबाईंविरुद्ध नाही, कुणाहीविरुद्ध नाही.

मुलगा खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला. मग त्यानं विचारलं, "पायऱ्या एकोणतीस होत्या? मला वाटायचं पंचवीस." तो लहानपणी दोनदा आला होता तिथं, माझ्या माहेरी.

माझा हा जबाब मराठीत मला ऐकवला. माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, फक्त "नजरचुकीने मागे राहिले" असे पाचव्या पानावर आले होते, ते माझ्यासमोर खोडून "स्वतःच्या मर्जीने राहिले" असे लिहिले आहे. खाडाखोडीच्या बाजूला मी सही केली, आणि साक्षीदार म्हणून मुलगा आप्पासाहेब कडूबा औताडे याने सही केली.