शेवटच्या पानाचा ताळा

—तपासा म्हणजे? त्यात काय तपासायचं ऱ्हायलंय, चैतालीमॅडम? ठेवा तो लॅपटॉप खाली. ह्येनी दूध आणाय गेलेत, चहा घेऊनच जावा. मूळसंख्याच हाय ती — सहा कोटी सव्वीस लाख पंधरा हजार पाचशे तेहतीस, आमच्या रेशनकार्डाचा नंबर. यंत्रमागाचा कारखाना बंद पडला, घरात बसून माणसानं करायचं काय, तर म्हणाले, केसर, ह्याला कशानं भाग जातो बघू. दोननं न्हाय, तीननं न्हाय, सातनं न्हाय — झालं, पछाडलं की! दिवसाला एक भागाकार, अंघोळ करून. ह्येनी भागायचं, मी गुणून ताळा करायचा आन खाली सही ठोकायची. सातवी पास हाय मी, गुणाकारात मास्तरला ऐकायची न्हाय.

सात हजार नऊशे सातपतोर जायचं, पुढं गरज न्हाय. का? अहो, तुमी कॉलेजात शिकवता आन मला इचारता? भागणारी जोडी असली तर त्यातला धाकटा हितपतोरच असणार की — धाकटा न्हाय घावला म्हणजे थोरलाबी न्हाय. भागायचं फकस्त मूळसंख्यांनी, असे नऊशे नव्व्याण्णव भागाकार झाले. शेवटच्याला बाकी तीन आली आन ह्येनी ताळ्याला थांबलेच न्हाईत — उठले, पेढे आणले, भवानी पेठेत वाटत सुटले. शेजारच्या गंगम्माला वाटलं, आमाला नातू झाला. आन मी हितं वही घेऊन बसलेली, ताळा तीननं जास्त.

व्हय, जास्त. — बोलून गेले बघा. आता ऐका. नऊ सत्ते त्रेसष्ट, तितं ह्येनी घाईत साठ धरले. बाकी तीन न्हाय, शून्य. भाग जातोय, पुरा जातोय. मग मी काय करायचं? गल्ली पेढे खातीया, कारखाना गेल्यापास्नं पैल्यांदा माणूस हसतंय — मी लिवलं 'ताळा बरोबर', आन केली सही. लई जीव तुटला, पर केली. चार वर्सं झाली. तुमी विज्ञान दिनाच्या सत्काराचं काढलं तवा ह्येनी नको नकोच म्हणत होते, मीच मागं लागले — लाजतंय माणूस, दुसरं काय. म्हणून म्हणते, ते बटण दाबू नका, माझी शपथ हाय.

हे बघा ते पान. त्या दिवसापास्नं मी उघडलंच न्हाय, धीरच झाला न्हाय. हितं साठ... थांबा, चष्मा घेते. साठ खोडलंय. पेन्सिलीनं त्रेसष्ट केलंय. बाकीचा तीन खोडून शून्य. मी न्हाय हो हात लावला! हा त्रेसष्टातला तीन ह्येंचाच — असा शेपटाचा तीन दुसरं कोण काढत न्हाय. आन माझी सही... सही तशीच ठेवलीया.

म्हणजे ह्येंना ठावं —

मॅडम, उठा. चहा ऱ्हाऊ द्या. सत्कार नको म्हणून सांगा कॉलेजात. कारण? लिवा, बाईचे गुडघे दुखतात. जावा आता, सायकल लावायला लागलेत ह्येनी.