ठिपक्यांचा राजगड

भोरच्या स्टँडवर वेल्ह्याच्या गाडीला रांग लागली होती. कचेरीतून धावत आलेल्या शुभदाला आज चक्क तिसरा नंबर मिळाला होता. पुढं एक म्हातारी आणि तिची शाळकरी नात; नातीच्या हातात चित्राचा कागद.

"फाडूनच टाकते, आजी. बाई म्हणल्या, रेघ मारायची न्हाई, नुसत्या ठिपक्यांनी चित्र काढायचं. परदेशातला एक मोठा चित्रकार असंच काढायचा."

"मंग?"

"मी राजगड काढला. बघ की, नुसती गिचमिड झालीय."

"अगं, ही तर भातलावणी झाली!"

"लावणी कुठं ह्यात?"

"एकेक रोप टोचत जायचं. जवळून काय दिसतंय? चिखल. बांधावर जाऊन बघितलं की समदं हिरवंगार. तू गेलीस का बांधावर?"

"हितं कुठं बांध?"

"त्या रसवंतीपाशी चल. ओ ताई, एवढा कागद वर धरा. हलू नका हां."

शुभदानं धरला.

"आजी, आपला नंबर जाईल!"

"जाऊ दे. लावताना सरकतो तशी माघारी सरक. अजून."

"आजी! बालेकिल्ला दिसला!"

"आन् ती माची बघ. म्हनं फाडून टाकते!"

तेवढ्यात गाडी लागली. रांग मोडून माणसं दाराकडं धावली.

"ओ मॅडम, चला की! जागा मिळायची न्हाई," रांगेतला मागचा माणूस ओरडला.

"तुम्ही व्हा पुढं," शुभदा म्हणाली. तिनं कागद आणखी उंच धरला. "ए बाळा, अजून दोन पावलं मागं जा. पाली दरवाजा दिसतोय का बघ!"