भंगारात दिलेली जीप

बुलढाण्याच्या आरटीओ कचेरीत मंजुश्रीच्या पुढं एक म्हातारं जोडपं रांगेत चुळबुळत उभं होतं.

"भंगारात देलेली जीप रस्त्यावर कशी आली मंग?" म्हातारीनं विचारलं.

"भंगारवाल्यानं तोडलीच नाही. काल जामोदच्या रस्त्यावर पाह्यली म्या."

"तुमच्यासमोरच कापतो म्हने ना तो?"

"म्याच नको म्हटलं. एवढ्या सालाची गाडी, पाहवलं नसतं."

"अन् आता?"

"कागदावरून नाव काढलं का झालं. काही झालं तरी आपल्या अंगावर येत नाही."

"ब्रेक कुठी लागत होता तिचा?"

"हळू बोल."

"कोन होतं आत?"

"शाळेची पोरं."

"मंग इथं काऊन उभे राह्यले? चला जामोदले!"

म्हातारीनं त्याला हाताला धरून रांगेबाहेर ओढलं. पुढची जागा रिकामी झाली, तरी मंजुश्री दाराकडं जाणाऱ्या त्या दोघांकडंच पाहत राहिली.