जानकाबाईचा गुडघा

चांगदेव : …तर सोमवार ठरलाच म्हना, डॉक्टर. सकाळी उपाशीपोटी आनू, का चहा पाजून?

डॉक्टर : थांबा काका, अजून काहीच ठरलेलं नाही. गुडघा कोणाचा आहे?

चांगदेव : हिचा. पर बोलतो मी. दवाखान्यात हिची वाचा बसती. घरी या एकदा, मग बगा.

डॉक्टर : काकू, गुडघा बदलायचं ऑपरेशन करायचं का? तुम्हाला काय वाटतं?

जानकाबाई : तुमी म्हनाल तसं.

चांगदेव : झालं! लिवा सोमवार.

डॉक्टर : काकू, नारायणगावच्या दुकानात माझ्या आजोबांना साड्यांचा ढीग उपसायला लावायचात ना तुम्ही?

जानकाबाई : केवलचंद शेठ! लई गोड मानूस. सगळं दुकान खाली काढायला लावायचं, अन् घ्यायची पयलीच.

डॉक्टर : साडीला एवढी चौकशी, आणि गुडघ्याला ‘तुमी म्हनाल तसं’?

जानकाबाई : साडीतलं मला कळतंय, बाई.

चांगदेव : अन् डॉक्टरला उलटं ईचारू नये. राग येतो त्यांना.

डॉक्टर : मला कोणी काहीच विचारलं नाही की राग येतो. हे बघा, दोन वाटा आहेत. ऑपरेशन केलं, तर चालताना दुखणं पुष्कळ कमी होईल. पण पहिले काही महिने जपायचं, व्यायाम करायचा. नाही केलं, तर व्यायाम, शेक, गरजेपुरती गोळी. त्यानं आराम पडेल, पण सगळं दुखणं जाणार नाही. झीज भरून येत नाही.

चांगदेव : मग पयलीच वाट बरी. वारूळवाडीची ठकूबाई बगा, आपरेशन झाल्यापून बाजारात आमच्या म्होरं पळती.

जानकाबाई : तिला आधीबी घरात कोन थांबवत व्हतं?

डॉक्टर : काकू, बोला. विचारा काय ते.

जानकाबाई : आपरेशन झाल्यावर… खाली जमिनीवर बसता येतं का?

डॉक्टर : खरं सांगू? आम्ही नकोच म्हणतो. खुर्चीवर बसायचं, पलंगावर झोपायचं.

चांगदेव : मग आनू की खुर्ची! चांगली हातवाली आनू. त्यात काय एवढं?

(जानकाबाई पदराच्या टोकाला पीळ देत बसते.)

डॉक्टर : काका, जरा थांबू या.

जानकाबाई : खुर्चीत बसून लेकरू न्हाऊ घालता येतं व्हय?

डॉक्टर : कोणाचं लेकरू?

जानकाबाई : सुनंचं. स्नेहाचं. पुढल्या महिन्यात व्हईल. तिला आई न्हाई, बाळंतपन आमच्याच घरी. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, लेकरू पायावर आडवं घ्यायचं, अन् तेल चोळून कडक पान्यानं… म्हंजे कोमट हो, कोमट! आमच्या पोराला, बुद्धभूषनला, मीच न्हाऊ घातलं. आमच्या आळीतली निम्मी पोरं माझ्या पायावरच मोठी झाली. अन् माझ्याच नातवाला दुसऱ्या कुनी घ्यायचं?

चांगदेव : हे मला का न्हाई सांगितलं?

जानकाबाई : तुमी ईचारलं कवा? पोराला फोन केला, सोमवार धरला, अन् मला सांगितलं, पातळं घडी कर.

चांगदेव : अगं, मी काय हौसंनं करतोय का? रात्री कूस बदलताना कन्हतीस तू. मी झोपल्याचं सोंग घेतो. ऐकवत न्हाई मला.

जानकाबाई : …मला वाटलं घोरताय.

चांगदेव : आता कन्हत बसून न्हाऊ घालनार व्हय?

जानकाबाई : व्हय. त्या लेकराला काय कळतंय, आजी गाती का कन्हती?

डॉक्टर : भांडा, भांडा. हे मला ऐकायलाच हवं होतं. काकू, आता खाली बसताना आणि उठताना किती त्रास होतो?

जानकाबाई : बसते कशीबशी. एकदा बसलं की पाय लांब करून निवांत. उठायचीच पंचाईत.

डॉक्टर : मग असं करू. ऑपरेशन काही महिने पुढं ढकललं, तर सहसा काही बिघडत नाही. तोवर मांडीच्या व्यायामाला आजपासून लागायचं. पाट जरा उंच घ्या. आधी तुम्ही नीट बसा, मग बाळ दुसऱ्या कोणी पायावर द्यायचं. उठायच्या आधी बाळ परत त्यांच्याकडे. बाळ हातात धरून बसणं-उठणं अजिबात नाही. आणि दुखणं फार वाढलं, पाऊल टाकता येईना, तर लपवायचं नाही. लगेच यायचं.

चांगदेव : अन् आपरेशन?

डॉक्टर : लेकरू बसायला लागलं की परत तिघं बसू. तेव्हाही काकूच सांगतील. बोला काकू, कसं करायचं?

चांगदेव : ती म्हनती की…

डॉक्टर : काका.

चांगदेव : न्हाई न्हाई. गप बसलो.

जानकाबाई : आत्ता आपरेशन नको. नातू न्हाऊ घालते. मग बगू. अन् व्यायाम करते, खरंच करते.

चांगदेव : बरं. मग लेकरू द्यायला-घ्यायला मी. पर डॉक्टर, एक ईचारू का? हिला खालून उठवायचं, तर दंडाला धरायचं का कमरंला? कसं धरलं म्हंजे दुखनार न्हाई?

जानकाबाई : ते त्यांना काय ईचारताय? मला ईचारा.